पानाला गाव विचारणारा माणूस

कडुबामामांविषयी लिहायचं तर आधी मी स्वतःला चार शिव्या देऊन घेते. त्या छापण्यासारख्या नाहीत, तेव्हा दिल्या असं समजा आणि पुढं चला.

मामा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर होते. कागदावर परिचर, बोलताना शिपाई. पुस्तकं झटकायची, कपाटात लावायची, साहेबांना चहा आणायचा. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. कन्नडकडं डोंगरात केसरवाडा म्हणून एक वस्ती आहे, तिथले ते. धनगराचं घर, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. शहरात येऊन त्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली होती, डोक्यावरची टोपीही गेली होती. पण गावाकडचं कोणी दारात दिसलं की मामांचा हात आपोआप कपाळाकडं जायचा, नसलेली टोपी सारखी करायला.

२००९ साली ग्रंथालयात दहा कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं. त्या खोलीत पंखा नव्हता, म्हणून तिथं बसायला कोणी राजी होईना. मग ग्रंथपाल रामकिसन सरांनी मामांना बसवलं. म्हणाले, "पोरं बटणं तोडणार नाहीत एवढं बघा, बाकी तुम्हाला काय कळायचंय त्यातलं." दोन वर्षांनी तेच सर स्वतःच्या लेखाचे संदर्भ तपासायला मामांच्या खुर्चीमागं उभे राहायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मामांची रीत अशी. त्यांच्याकडं मेंढरं घेऊन रानात उतरलेल्या बिऱ्हाडावर कोणी अनोळखी माणूस आला की त्याला तीन गोष्टी विचारायचे. नाव काय, गाव कोणतं, कवा निघालास. तिन्हींची उत्तरं नीट आली की भाकर आणि रात्रीचा मुक्काम. नाही आली तर नुसतं पाणी, आणि रामराम. मामांनी तेच इंटरनेटला लावलं. पोरानं एखादं पान उघडलं की मामा स्क्रीनकडं वाकून मोठ्यानं विचारायचे, "काय पाव्हणं, नाव काय? गाव कोन्तं? कवा निघाला?" म्हणजे हे लिहिलंय कोणी, कुठल्या आधारानं, आणि तारीख कोणती. पानाखाली यातलं काही नसलं की मान हलवायचे. "बिनगावाचं हाय. पाणी पाजा, मुक्काम देऊ नका." म्हणजे वाचा खुशाल, पण प्रबंधात घेऊ नका.

एखादा म्हणायचा, "मामा, दहा वेबसाइटवर हेच लिहिलंय की!" मामा म्हणायचे, "धा गवाह हाईत का एकाच मेंढीची धा कोकरं, ते बघ आधी. कानाची खूण बघ." कानाची खूण म्हणजे चूक. एकाच शब्दाची तीच चूक दहा ठिकाणी दिसली की समजायचं, सगळ्यांनी एकाचंच उचललंय. पाचोडच्या एका पोरानं आठवडी बाजार तीनशे वर्षांचा आहे म्हणून सात ठिकाणचे संदर्भ आणले होते. मामांनी खुणा बघत बघत माग काढला तर निघालं काय, एका मंगल कार्यालयाची जाहिरात! पोरगं रडकुंडीला आलं. मामा त्याला म्हणाले, "सापडलं नाय तर जागा सोड बाबा. खोटं भरू नको."

पोरं त्यांना गुगलमामा म्हणायची. मामा हसायचे. "गुगल धरून आणतंय फक्त. इचारपूस आपली आपण करायची."

आता माझं सांगते. मी सुकेशनी. आमचं घर इथलंच, उस्मानपुऱ्याच्या मागं. वडील गवंडी. आमच्या घरात देव्हारा नाही, पुस्तकांचं कपाट आहे, आणि ते आई रोज देव्हाऱ्यासारखंच पुसते. वडील अक्षर शिकले ते चाळिशीत, आणि मला सारखं सांगायचे, "पोरी, कागद कर. आपलं तोंडचं कोणी मानत नाही." किती खरं होतं ते! त्यांच्या आज्याची जमीन गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण कागद नव्हता, म्हणून गेली. हे ऐकत मी मोठी झाले. म्हणून कागदावर माझा विश्वास, आंधळा म्हणा हवं तर.

पीएचडीला मी विषय घेतला कन्नड तालुक्यातल्या गावांची आणि वस्त्यांची नावं. कुठून आली, कशी बदलली. गाईड कडक. "प्रत्येक नावाला लेखी संदर्भ पाहिजे. पारावरच्या गप्पा नकोत." पाच वर्षं मी त्या पंखा नसलेल्या खोलीत घाम गाळला आणि मामांनी माझ्यासाठी काय काय शोधून दिलं त्याला सुमार नाही. जुन्या गॅझेटियरची स्कॅन केलेली पानं, इतर विद्यापीठांतले प्रबंध, निजामाच्या काळातल्या कागदांच्या याद्या. मी आले की म्हणायचे, "जय भीम ताई, आज कोन्त्या गावाला जायचं?" जसं काही एसटीच पकडायची होती.

२०१४ सालचा मार्च. सोमवारी प्रबंध जमा करायचा होता आणि शुक्रवारी तीन नावं राहिली होती. त्यातलं एक केसरवाडा. शोधता शोधता एकदम सापडलं, आणि मी ओरडलेच, "मामा, तुमच्या गावाचं मिळालं!"

मामा उठून आले. पानावर लिहिलं होतं की कोण्या जहागीरदारानं आपल्या केसरबाई नावाच्या बाईसाठी डोंगरात मोठा वाडा बांधला. पुढं तो पडला, नाव तेवढं राहिलं. मामांनी दोनदा वाचलं. एरवी पाव्हण्याला मोठ्यानं हाळी देणारा माणूस, त्या दिवशी आवाज खाली आला त्यांचा.

"ताई, ह्याला नाव नाय. गाव नाय. तारीख बी नाय."

"मामा, चौदा ठिकाणी आहे हे." मी स्क्रीनवरची यादी खाली सरकवत दाखवली.

"चौदा ठिकाणी 'जहागिदार' लिवलंय. मधला र खाल्लाय समद्यांनी. एकाच मेंढीची हाईत." मग थांबून म्हणाले, "आन वाडा म्हंजी भिंती नव्हं, ताई. आमच्यात जिथं मेंढरं बसत्यात, घोडी सोडत्यात, चुली पेटत्यात, त्यो वाडा. आज हितं, उंद्या तिथं. केसरबाई माही आजी. आजा साप डसून मेला तवा तिनं सात घरांची मेंढरं एकटीनं फिरवली. बाई असून म्होरकी. तिचा वाडा ज्या माळावर बसायचा त्यो केसरवाडा."

मी घड्याळ बघत होते. खरंच सांगते, घड्याळ बघत होते.

"संदर्भ काय, मामा?"

"संदर्भ?" मामा गोंधळले. "ताई, मी तिच्या मांडीवर निजलोय."

"अहो, मांडीची तळटीप कशी देऊ मी?"

शेजारच्या कॉम्प्युटरवरची पोरं फिदीफिदी हसली. मलाही माझा विनोद आवडला, हेही कबूल करते. मामा कसंनुसं हसले आणि तरी पुढं बोलायला लागले. "तसं नाय ताई, तिच्या उजव्या हातावर…"

"मामा, पुरे. लेखी असेल तर आणा. नाहीतर मला काम करू द्या."

ते वाक्य तिथंच तुटलं.

मामा म्हणाले, "दोन महिने द्या. मी काढतो लेखी." मी म्हणाले, सोमवार. तर तो माणूस शनिवारी पहाटेच्या एसटीनं कन्नडला गेला. तिथल्या ओळखीच्या लोकांकडं जुने कागद बघितले, रविवारी वस्तीवर जाऊन आला, आणि सोमवारी सकाळी माझ्यापुढं एक प्रिंट ठेवली. जुन्या गॅझेटियरचं पान होतं, इंग्रजी. मामांना इंग्रजी येत नव्हतं, रामकिसन सरांकडून वाचून घेतलं होतं. तालुक्यात मेंढपाळ किती, त्याचा तक्ता. एका आकड्याखाली मामांनी पेन्सिलनं रेघ मारली होती.

"ह्यात ती हाय, ताई."

"यात नाव कुठंय?"

"नाव नाय. फिरत्याचं नाव कोण लिवून ठिवतं? पर ह्या आकड्यात एक ती हाय."

मी म्हणाले, "मामा, आकड्याचं काय करू मी?" आणि ती प्रिंट बाजूला सारली.

तोवर मला दुसरं काही मिळालं होतं. एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. छापलेली, म्हणजे लेखी. त्यात तीच जहागीरदाराची गोष्ट. स्मरणिका त्या वेबसाइटच्या नंतरची होती आणि तिच्यातही मधला र खाल्लेला होता. मला दिसलं होतं ते. मामांनीच शिकवलेलं मला दिसणार नाही होय? दिसलं, आणि मी डोळे मिटून तळटीप दिली.

प्रबंध पास झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी केसरवाड्याची नोंद वाचून दाखवली, "रंजक आहे," म्हणाले. मी पेढे वाटले. मामांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि म्हणाले, "नाव काढलं ताई." चेहऱ्यावर राग शोधला मी. नव्हता. त्यानं मला बरंच वाटलं तेव्हा.

पुढच्या वर्षी एका माहितीच्या वेबसाइटनं माझ्याकडून लेख मागितला. मी प्रबंधातल्या वीस नावांवर लिहिलं, त्यात केसरवाडा. खाली माझं नाव, मागं डॉ., कॉलेजचं नाव, तारीख, संदर्भसूची. चांगलं ठसठशीत पान झालं. आता कोणी केसरवाडा शोधलं की सगळ्यात वर माझंच पान येतं.

मग मला खुलताबादला नोकरी लागली. जाणं-येणं बसनं, पेपर, परीक्षा, घर. मामा २०१९ ला निवृत्त झाले, समारंभाला मी जाऊ शकले नाही. जाऊ शकले नाही म्हणजे गेले नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. कॉलेज सुटल्यावर बसची वाट बघत उभी होते. तिथं एक म्हातारे धनगर काठी टेकवून बसलेले. वेळ जात नव्हता म्हणून विचारलं, "बाबा, कुठलं गाव?" ते म्हणाले, "गाव लांब हाय बाई. वाडा तेवढा हितं बसलाय," आणि त्यांनी खाली उताराकडं हात केला. मी बघितलं. उघडं रान. बसलेली मेंढरं, दोन घोडी, एका बाईनं पेटवलेली चूल. भिंत नावाला नाही.

दहा वर्षं! दहा वर्षं तो शब्द माझ्या नावानं उलटा टांगलेला होता. गावांच्या नावांची डॉक्टर मी, आणि मामांनी सांगूनही वाडा म्हटल्यावर मला दगडमाती सोडून दुसरं काही दिसलं नाही. बसमध्ये बसून मी ठरवलं की रविवारी मामांकडं जायचं, पाय धरायचे, सगळं नीट लिहून घ्यायचं, अगदी तारीख-वेळ टाकून. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी काय होतं ते आता आठवतही नाही. काहीतरी फालतूच असणार.

मार्चमध्ये रामकिसन सरांचा फोन आला. "कडुबा गेला गं. झोपेतच. चार दिवस झाले."

मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं घर. मामांचा मुलगा इंद्रजीत वाळूजला कंपनीत आहे, त्यानं ओळखलं मला. "या ताई. आबा लई नाव घ्यायचे तुमचं." फोटोतल्या मामांच्या डोक्यावर टोपी होती. मी रडले, आणि त्या लोकांना वाटलं की केवढी माया हिची. मला त्याचीही लाज वाटली.

मी विचारलं, "केसरबाईविषयी कधी बोलायचे का मामा?"

इंद्रजीत म्हणाला, "आधी लई बोलायचे. रिटायर झाल्यावर तर येडंच लागलं होतं. कन्नड झालं, इथली कचेरी झाली, मुंबईला पत्रं टाकली, उर्दू वाचणारा माणूस गाठला. कुठं काय सापडलं नाय. मग एक दिवस म्हणले, बास झालं. कागदात निराळंच निघतंय, ताईंनी बी संदर्भ देऊन तेच लिवलंय. ती जहागीरदाराची केसरबाई असंल, आपली दुसरी असंल. नावासारखी नावं असत्यात."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बिनगावाच्या पानाला मुक्काम दिला नाही, त्यानं माझ्या पानाला दिला होता. का नाही देणार? नाव होतं, गाव होतं, तारीख होती. आणि स्वतःच्या आजीला मात्र पाणी पाजून वाटेला लावलं, कारण तिच्याकडं कागद नव्हता.

इंद्रजीतची मुलगी सृष्टी, नववीतली, आतून एक वही घेऊन आली. शाळेचा प्रकल्प होता, माझ्या गावाचं नाव. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. जहागीरदार, त्याची बाई, दगडी वाडा. तिनं रंगीत पेन्सिलनं वाड्याचं चित्रही काढलं होतं, कमानीसकट. शेवटी संदर्भ म्हणून माझं नाव आणि माझ्या लेखाची लिंक. त्याच्याखाली पेन्सिलनं, मामांच्या वेड्यावाकड्या अक्षरात: नाव हाय. गाव हाय. तारीख हाय. घ्यायला हरकत नाय.

"तुमीच ना ह्या?" सृष्टीनं माझ्या नावावर बोट ठेवलं. पोर खूश झाली होती.

"मीच," मी म्हणाले. "आणि हे खोटं आहे बाळा. मी खोटं लिहिलंय."

मग मी सांगितलं तिला. वाडा म्हणजे काय, केसरबाई म्हणजे तिच्या आबांची आजी, सात घरांची मेंढरं, साप डसलेला आजा, बाई असून म्होरकी. दोन मिनिटांत संपलं. माझ्याजवळ होतं तेवढंच ते.

सृष्टीनं वहीचं कोरं पान काढलं, पेन उघडलं आणि आबांनी शिकवलं असणार तसं सरळ विचारलं, "सांगणाऱ्याचं नाव काय?"

"कडुबा. तुझे आबा."

"गाव?"

"केसरवाडा."

"कवा सांगितलं?"

"दहा वर्षं झाली. मार्च महिना, शुक्रवार."

तिनं ते तसंच लिहिलं. "आन अजून काय म्हणले?"

"म्हणाले, तिच्या उजव्या हातावर…"

ती लिहून थांबली. "हातावर काय?"

"माहीत नाही."

"गोंदलेलं होतं? का लागलेलं?"

"माहीत नाही गं. मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही."

मी इंद्रजीतकडं बघितलं. तो म्हणाला, "मला बी ठाव नाय ताई. वस्तीवर बी आता कोण ऱ्हायलंय? तिला डोळ्यानं बघितलेले आबाच शेवटचे."

सृष्टीनं वहीकडं बघितलं. मला वाटलं ती ओळ खोडेल. मी म्हणाले, "गोंदलेलं होतं असं लिही हवं तर. असायचंच त्या काळी बायकांच्या हातावर."

"नाय," ती म्हणाली. 'उजव्या हातावर' या शब्दांच्या पुढं तिनं चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि वही मिटली. "आबा म्हणायचे, सापडलं नाय तर जागा सोडायची. खोटं भरायचं नाय."